पोरींचं मैदान बारा बाय आठ

मी एकतीस वर्षं मैदानावर फक्की मारली. फक्की म्हणजे ती पांढरी भुकटी, जिच्यानं खेळाच्या रेषा आखतात. शाळेत माझी नेमणूक शिपाई म्हणून झाली होती, पण हेडसरांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर मी चार दिवससुद्धा टिकलो नाही. मला बसवत नाही. मग मला मैदानावर पाठवलं, आणि तिथूनच मी रिटायर झालो. शाळा लातुरातली. नाव सांगत नाही. जुने लोक ओळखतील, नव्यांना गरज नाही.

हा अंक काढणारा माणूस आमच्याच मैदानावर गुडघे फोडून घेऊन मोठा झालाय. त्यानं फोन केला, "मामा, मैदानावरच्या गमतीजमती लिहा." मी सातवी शिकलेला. लिहायला बसलो तर गमती दोन-तीनच आठवल्या आणि एक अशी गोष्ट आठवली की जिच्यात गंमत नाही. बायको असती तर तिनं वाचून घेतलं असतं आणि अर्धं खोडायला लावलं असतं. सुमन मागच्या श्रावणात गेली. आता खोडायला कुणी नाही, म्हणून सगळंच लिहितो.

आधी काम सांगतो. कबड्डीचं मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. लातूरची माती काळी. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तसल्या मातीत पोर आपटलं तर हाडच जायचं. म्हणून वरची काळी माती उकरून टाकायची, मुरूम दाबायचा, त्याच्यावर तांबडी माती चाळून पसरायची, तिच्यात लाकडाचा भुसा मिसळायचा. मग पाणी. पाणी किती मारायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मूठभर माती दाबून बघायची. लाडू वळला पाहिजे आणि एक बोट लावलं की फुटला पाहिजे. फुटला नाही तर पाणी जास्त झालं. वळलाच नाही तर धूळ हाय ती, मैदान न्हाई.

आखणीसाठी माझ्याजवळ एक सुतळी होती. तिला तीन, चार आणि पाच मीटरच्या अंतरानं गाठी मारलेल्या. तिन्ही गाठींवर खुंट्या ठोकून सुतळी ताणली की कोपरा नेमका काटकोनात बसतो. हे मला एका गवंड्यानं शिकवलं. आमचे गणिताचे सर एकदा आख्खा वर्ग घेऊन मैदानावर आले. पोरांना म्हणाले, "बघा, मामा जे करतायत ते प्रमेय आहे." मी म्हणालो, "न्हाई सर, सुतळी हाय." वर्ग खिदळला. सर पण हसले. पण नंतर दर वर्षी त्या धड्याला ते वर्ग घेऊन यायचे आणि मी छाती काढून सुतळी ताणायचो. माझी आखणी चुकत नाही अशी शाळेत ख्याती झाली होती. ही ख्याती ध्यानात ठेवा, कारण घोळ तिच्यामुळंच झाला.

गिऱ्हाइकं पण एकेक भेटली. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त साहेब होते. त्यांच्या बुटाला फक्की लागते म्हणून त्यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला. मी त्यांना म्हणालो, "साहेब, रेषा ओलांडून जावा, रेषेवरून चालू नका." ते म्हणाले, "मी माझ्या नोकरीत कधी रेषा ओलांडली नाही." आता ह्याला काय बोलायचं? दुसरे लग्नवाले. मैदान मंडपाला दिलं की दुसऱ्या दिवशी मला मातीत अक्षता, खिळे आणि गुलाबजामचे द्रोण सापडायचे. एकदा तर एका नवऱ्या मुलाचा बूट सापडला. तो मी महिनाभर ठेवला, न्यायला कुणी आलं नाही. मेव्हणीनं जास्तच चांगला लपवला असणार.

आता मुद्द्याचं.

आमच्या शाळेला जोडून ज्युनियर कॉलेज होतं आणि क्रीडा मंडळ दोघांचं मिळून एकच. कबड्डीचं मैदान एकच. सामान ठेवायची खोली एक, तिथं नळ, आरसा, कपडे टांगायला खुंट्या. हे सगळं मोठ्या पोरांचं. त्यांना शिकवायचे शिंदे सर. माणूस मेहनती, पण त्यांना आपल्या संघापलीकडं काही दिसायचं नाही. पोरांचा सराव चार वाजता. त्याच्या आधी साडेतीनला मी पाणी मारायचो, माती थंड व्हायची, वास सुटायचा.

पोरींचा सराव दोन ते साडेतीन. म्हणजे भर उन्हात, पाणी मारायच्या आधी, आदल्या दिवशी पोरांनी तुडवून घट्ट केलेल्या मातीवर. मला ह्यात कधी वावगं वाटलं नाही. वेळापत्रकात लिहिलेलं असायचं, मी त्याप्रमाणं चालायचो.

वावगं सुमनला वाटलं. ती शाळेत खिचडी शिजवायची. मैदानाच्या कडेलाच तिचं पत्र्याचं शेड. सगळी पोरं-पोरी तिला काकू म्हणायची. एके दिवशी ती मला म्हणाली, "आवं, पोरींच्या बाटल्या भरल्या तशाच माघारी जायलेत. एवढं उन्हात खेळून पाणीच पीनात."

मी म्हणालो, "तहान लागत नसंल."

"तुमच्या डोक्याला फक्की मारली का काय कुणी? पाणी प्यालं तर जायचं कुठं त्येंनी? पोरांची मुतारी हाय, पोरींची शाळेच्या पार त्या टोकाला, आणि तिला दुपारी कुलूप. सकाळपासून घशाला कोरड घेऊन खेळायलेत लेकरं."

मैदानावर पंधरा वर्षं झाली होती मला तोवर. रोज त्या बाटल्या बघत होतो.

तिनं माझ्याकडून काही मागितलं नाही. दुसऱ्या शिपायाकडून कुलपाची किल्ली घेतली आणि दुपारी ते उघडायचं काम स्वतःकडं घेतलं. खिचडीचं काम दीडला उरकायचं, मग शेड झाडून, तिची जुनी साडी पडद्यासारखी बांधून पोरींना कपडे बदलायला जागा केली. त्याआधी त्या ड्रेसच्या आत ट्रॅकपँट घालून सकाळपासून वर्गात बसायच्या. गुडघे फुटले की काकूची हळद. पोरी त्या शेडला 'आपली रूम' म्हणायच्या. आतून एवढा हसण्याचा आवाज यायचा की शिंदे सर एकदा म्हणाले, "मामा, तुमच्या मंडळींनी कॉलेज काढलं का?"

पोरींना शिकवायच्या जाधव बाई. नेमणूक इतिहासाची, तीही कंत्राटी. कबड्डी त्या गावाकडं फुफाट्यात शिकलेल्या, शिरूर अनंतपाळकडच्या. कप्तान होती नववीतली महानंदा. तिच्या वडलांचं गोलाईच्या बाजारपेठेत किराण्याचं दुकान. कपाळाला भस्म लावून बसलेले अप्पा पोरीबद्दल विचारलं की हात जोडून म्हणायचे, "शरणार्थ मामा. तिला खेळू द्या, पण दात सांभाळा म्हणावं." महानंदा डाव्या कोपऱ्याला उभी राहायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा असा धरायची की सुटायची सोय नाही.

त्या वर्षी हेडसरांनी बाईंना सांगितलं, "पोरी जिल्हा जिंकल्या तर पुढच्या वर्षी संघ चालू ठेवू, सरावाची वेळ आणि खोलीचं पण बघू. नाहीतर बंद. मंडळाला दोन-दोन संघ झेपत नाहीत." पोरांना अशी अट कधी नव्हती. पोरं तीन वर्षं पहिल्याच फेरीत हरून येत होती.

आता बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. मोठ्या पोरांचं कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. पोरींचं बारा बाय आठ. आमच्याकडं आखलेलं असायचं तेरा बाय दहा. बाई माझ्याकडं आल्या.

"मामा, दुपारी आमच्या मापाचं आखून द्याल का?"

मी शिंदे सरांना विचारलं. ते म्हणाले, "एका मैदानात दोन आखण्या नकोत, माझी पोरं गोंधळतात." म्हणजे मी दोन वाजता पोरांच्या रेषा पुसून पोरींच्या मारायच्या आणि साडेतीनला त्या पुसून परत पोरांच्या. रोज, उन्हात, वाकून. मी बाईंना म्हणालो, "मोठ्या मैदानावर सराव केला की बारक्यावर सोपं जातंय." बाई माघारी गेल्या. आठ दिवसांनी परत आल्या. मी म्हणालो, बघतो. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. मी म्हणालो, "हाव बाई. उद्यापासून दुपारी तुमच्याच मापाचं."

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी दीड वाजता जुन्याच रेषांवर ताजी फक्की मारली. पांढरीशुभ्र. बाई आल्या, ताज्या रेषा बघितल्या आणि म्हणाल्या, "मामा, उपकार झाले." माप त्यांनी घेतलं नाही. माझी आखणी चुकत नाही हे सगळ्या शाळेला माहीत होतं. नंतरचे अडीच महिने मी रोज त्याच रेषा पांढऱ्या करत राहिलो. दहा मिनिटांचं काम.

जिल्ह्याचे सामने औशाला होते. पोरींबरोबर कुणीतरी बाईमाणूस पाहिजे म्हणून सुमन आली, सामान उचलायला मी. दोन सामने पोरी दमदार जिंकल्या. समोरचे संघ कच्चे होते, त्यामुळं उणीव झाकली गेली. फायनलला संघ तोलामोलाचा पडला. तेव्हा दिसायला लागलं.

कबड्डीत पकड करणारा खेळाडू चढाईवाल्यापासून अंग चोरून मागं सरकतो, बाजूला पळतो. आपल्या मागं किती जागा आहे हे तो वळून बघत नाही, पायाला सवय असते. झटापट सुरू व्हायच्या आधी पाय रेषेबाहेर पडला की बाद. आमच्या पोरींच्या पायाला सवय दहा मीटरची. इथं दोन्ही बाजूंनी एकेक मीटर कमी. चढाईवाली नुसती अंगावर यायची, महानंदा झुकांडी द्यायला बाजूला व्हायची आणि पंचाची शिट्टी. बाद. परत तेच. उजव्या कोपऱ्याची पोर, बाद. बाई कडेवरून ओरडत होत्या, "रेषा बघा गं! रेषा!" रेषा बघायला गेल्या की पकड सुटायची. समोरच्या पोरींना काही करायची गरजच नव्हती, आमच्याच पोरी आपल्या पायानं बाहेर जात होत्या. आम्ही तीन गुणांनी हरलो. रेषेबाहेर गेलेले मी मोजले होते, सहा.

शिट्टी झाल्यावर महानंदा सरळ माझ्याकडं आली. घामानं आणि मातीनं लडबडलेली.

"मामा, ह्येंनी मैदान बारीक आखलंय. लबाडी केलीय. तुमची सुतळी काढा, मोजा."

बाईंनी पंचांना सांगितलं. पंच म्हणाले, "मोजा की, आमचं काय जातंय." सगळे गोळा झाले. मी पिशवीतून सुतळी काढली. मोजलं. लांबी बारा. रुंदी आठ. ना बोट कमी, ना जास्त.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

महानंदा त्या रेषेकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. "मंग आपलं?"

मी सुतळी गुंडाळायला लागलो. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि नेलं. बाई माझ्याकडं वळल्या नाहीत.

येताना एसटीत सुमन माझ्याशेजारी बसली होती. पोरी मागं. वाटेतलं बुधोडा गाव मागं पडल्यावर सुमन हळूच म्हणाली, "खरं सांगा." मी सांगितलं. ती उठली आणि पोरींमध्ये जाऊन बसली.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची आणि उठायची. दहाव्या दिवशी म्हणाली, "दोन रेषा नको म्हणले सर, तर फक्कीत नीळ कालवून आखायचं होतं. पोरांची पांढरी, पोरींची निळी. कोण गोंधळलं असतं?"

खरं होतं. बादलीभर निळी फक्की. एकदा आखलं की झालं. आता शाळेत मॅट आलीय, तिच्यावर दोन्ही मापं दोन रंगांत छापूनच येतात. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिथून निघून आलो.

"आता काय करू?" मी तिला विचारलं.

"त्या पोरीला सांगा."

"पोरीला काय सांगू? बारकं लेकरू ते."

"बारकं हाय म्हणूनच फसलं न्हवं?"

मला जमलं नाही. महानंदा समोरून आली की मी रोलर ओढायला लागायचो. मोठ्या माणसाला सांगणं सोपं वाटलं, म्हणून मी हेडसरांकडं गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मामा, हार-जीत चालायचीच."

मी म्हणालो, "चालायची तर मंग संघ का बंद करायलाव?"

ते रागावले. "तुमची चूक आहे म्हणता, मग तुमच्यावर कारवाई करू का?"

"करा की. पण चूक माझी आणि शिक्षा पोरींला, हे कुठलं?"

मला मेमो मिळाला. नोकरीतला एकमेव. संघ बंद झाला तो झालाच. जाधव बाईंची मुदत संपली, त्या दुसऱ्या गावी गेल्या. जाताना सुमनला भेटल्या, मला नाही. महानंदा दहावीत गेली आणि वर्षभर दोन ते साडेतीन वर्गात बसून राहिली. खिडकीतून मैदान दिसायचं.

हेडसरांकडून एवढंच निघालं की खिचडीच्या शेडमागं मोडक्या बाकांचा ढीग होता, ती जागा पाहिजे तर घ्या, शाळा काही देणार नाही. आम्ही दोघांनी रविवारी, सुटीत तिथं खणायला घेतलं. मी उकरायचो, सुमन चाळायची. पदर खोचून, चाळणी हलवत, वर तोंड चालू. "हितं खडा राहिला, डोळे फुटले का?" मला ते दिवस आता सगळ्यात जास्त आठवतात. आमचं लग्न झालं तेव्हा सुद्धा आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो. वर्ष गेलं त्यात. मैदान तयार झालं, बारा बाय आठ, फक्त पोरींचं, शेजारी कपडे बदलायचं शेड, आणि पाणी मी दीड वाजताच मारायचो. पहिल्या दिवशी सुमननं मूठभर माती दाबून बघितली, बोट लावलं, लाडू फुटला. म्हणाली, "जमलं एकदाचं तुम्हाला."

पुढच्या हेडसरांनी संघ चालू केला. दोन वर्षांनी त्या पोरी जिल्हा जिंकून विभागाला नांदेडला गेल्या. तिथं पहिल्याच सामन्यात हरल्या. पण रेषेबाहेर एक पाय पडला नाही. मी मोजत होतो.

तोवर महानंदा शाळा सोडून गेली होती. त्या मैदानावर ती एकदाही खेळली नाही.

सुमन अधूनमधून विचारायची, "सांगितलं का तिला?" मी म्हणायचो, कुठं हाय ती कुणाला ठाऊक. सुमनला ठाऊक होतं. अर्धापूरला दिली होती, नवऱ्याची केळीची बाग, ती तिथल्याच शाळेत शिकवते. शेवटच्या दुखण्यात सुद्धा एकदा विचारलं. मी म्हणालो, तू बरी हो, दोघं मिळून जाऊ.

ती गेल्यावर घरात चहा एक कप करायचा असतो हे मला कितीतरी दिवस जमलं नाही. दोन कप व्हायचा. मग एका सकाळी उठलो, नांदेडची एसटी धरली, तिथून अर्धापूर. पत्ता विचारत गेलो. दारात महानंदाच आली. केस पिकायला लागलेत तिचे. मला बघून म्हणाली, "मामा! काकूंचं कळलं. या, बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं. ताज्या फक्कीचं, अडीच महिन्यांचं, सगळं.

ती म्हणाली, "मला माहीत होतं, मामा. औशाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपलं मैदान पावलांनी मोजलं. मग काकूंच्या शेडमध्ये जाऊन लई रडले. मी तुमच्याकडं भांडायला निघाले होते. काकूंनी हात धरला. म्हणाल्या, तू जाऊ नको, ते स्वतः येऊन सांगतील."

"आणि तू थांबलीस?"

"काकूंनी सांगितलं होतं ना. दर दिवाळीला फोन करायच्या. मी विचारायचे, मामा कधी येणार? तर म्हणायच्या, येतील गं, त्यांचं सगळंच हळू असतंय."

मी म्हणालो, "आणि मी आलोच नसतो तर?"

तिनं जरा विचार केला. "मग काकू खोट्या पडल्या असत्या."

आमची सुमन आयुष्यात कधी खोटी पडली नाही. या खेपेला थोडक्यात वाचली.